हँडल कुणाच्या हातात होतं: इंदूरमधल्या एका रात्रीचं प्रकरण

अनंत चतुर्दशीला इंदूर झोपत नाही. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली, कामगारांच्या थकबाकीचा 224 कोटींचा धनादेश निघायला 2023 चा डिसेंबर उजाडला, पण मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले फिरते देखावे, काही थांबल्या नाहीत. पगार नाही, पाळी नाही, तरी कामगारांच्या समित्या पैसे गोळा करतात, दिव्यांच्या माळांनी देखावे सजवतात आणि रात्रभर जेल रोड, राजवाडा अशा वाटेने शहरातून फिरवतात. सोबत अखाडे असतात, ढोल-ताशे असतात, जागोजागी भुट्ट्याचा कीस असतो. पहाटे पोहे-जलेबी खाऊनच लोक घरी जातात.

दोन-तीन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री चार मुलांनी गल्लीत उभी असलेली दुसऱ्याची अ‍ॅक्टिव्हा उचलली आणि पहाटे तिनाच्या सुमारास चौघेही पकडले गेले. गाडी एक, रात्र एक, गुन्हाही एकच. तरी त्या रात्रीपासून चौघांच्या दोन वाटा झाल्या. मी चौघांनाही ओळखत होते, आणि त्यातल्या एकाच्या आईने फोन केल्यामुळे त्या रात्री थान्यात हजर होते. (इंदूरचे मराठी लोक ठाण्याला थानाच म्हणतात, मीही तेच लिहिणार.) मुलांची नावं देणार नाही. बालन्याय कायद्याचं कलम 74 अल्पवयीन मुलाची ओळख उघड करू देत नाही, आणि कायदा नसता तरी मी दिली नसती. टोपणनावं मी ठेवलेली आहेत, काही खुणा मुद्दाम बदलल्या आहेत.

चौघे

चष्मिस आणि कप्तान आमच्या कॉलनीतले. दोघंही सतरा वर्षांचे, बारावीला, दोघांचे वडील मोठ्या पगारावर. ताशा आणि बारक्या खालच्या बस्तीतले. ताशाही सतराचाच, अकरावीला. बारक्या जेमतेम पंधराचा. ताशाचे आजोबा खानदेशातून मिलमध्ये कामाला आले ते इथलेच झाले. आई आमच्या कॉलनीत चार घरी पोळ्या करते. बारक्याची आई पारधी. या दोघांना मी संध्याकाळी गणित शिकवत असे, फुकट. चौघांची गाठ पडली ती ढोल-ताशा पथकात. गणपतीच्या महिनाभर आधी कॉलनीच्या मैदानावर सराव चालायचा, आणि ताशा नावाला जागून सगळ्या पथकात उत्तम वाजवायचा. तर्री, म्हणजे ताशाचा सलग कडकडाट, धरली की मोठी माणसंसुद्धा गप्प उभी राहायची.

आता आधीचं रेकॉर्ड, कारण वाचणाऱ्याच्या मनात तो प्रश्न येणारच. ताशाने त्याआधी एकदा बंद मिलच्या आवारातून तांब्याची तार काढून भंगारवाल्याला विकली होती. ही गोष्ट बस्तीला, कॉलनीला आणि बीटच्या हवालदाराला, सगळ्यांना ठाऊक होती. कप्तानने त्याआधी सहा महिने वडिलांची कार नेऊन बायपासवर एका ठेल्यावर घातली होती. ठेलेवाल्याच्या पायाला लागलं, वडिलांनी जागेवर पैसे मोजले, विषय संपला. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 199-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. एवढं सगळं पुस्तकात आहे. कप्तानच्या बाबतीत त्यातलं अक्षरही वापरलं गेलं नाही, कारण कुणी कळवलंच नाही. मलाही ते कप्तानच्या आईनेच सांगितलं होतं, वडे तळता तळता. तेव्हा मी काय म्हणाले ते आठवतं: "होतं गं या वयात."

तार आणि ठेला यांत जास्त गंभीर काय, हे ज्याचं त्याने ठरवावं. माहिती मात्र एकाचीच सगळ्या गावाला होती.

काय घडलं

मिरवणुकीत पथक थांबलं होतं, पुढची झांकी वळणावर अडकली होती. जेल रोडच्या आत एका गल्लीत अ‍ॅक्टिव्हा उभी, किल्ली तशीच. किल्ली पाहिली चष्मिसने. "एक चक्कर मारून येऊ" म्हणाला कप्तान. दोघांनीही हे मला नंतर स्वतः सांगितलंय, वाद नाही. चौघे एका गाडीवर बसले, आणि इंदुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. आधी कप्तानने चालवली, पलासियाच्या बाजूला. एका वळणावर गाडी घसरली, मागचा लाल दिवा फुटला, चष्मिसचा कोपर सोलवटला. मग घाबरून परत फिरले. परतताना पेट्रोल संपलं. आता ढकलायची कुणी? ढकलायला हँडल धरलं ताशाने, मागून जोर लावत होता बारक्या. कॉलनीतले दोघे शेजारून चालत होते, एकाचा कोपर दुखत होता आणि दुसरा फोनवर होता.

बंदोबस्ताच्या गाडीने त्यांना पाहिलं ते या अवस्थेत. अंधारातून दोन मुलं फुटक्या दिव्याची स्कूटर ढकलत येताहेत, आणि बाजूने दोन मुलं चालताहेत. पोलिसांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

थान्यातला तास-दीड तास

मी पोचले तेव्हा चौघे एका बाकावर होते. कोठडीत कुणालाही टाकलं नव्हतं, मारहाणही झाली नव्हती. ताशाची आई माझ्याआधी पायी आली होती, साडीचा पदर तोंडाला लावून दाराशी उभी. बारक्याच्या घरून कुणीच नव्हतं. आणि मी, वीस वर्षं मुलांना शिकवणारी बाई, बाकासमोर गेले आणि पहिलं वाक्य ताशाला म्हटलं: "तू काय केलंस?" मग चष्मिसकडे वळून: "घाबरू नकोस, बाबा निघालेत."

हे मी त्या वेळी ऐकलंसुद्धा नाही. महिनाभराने बारक्याने आठवण करून दिली.

ड्युटीवर एक एएसआय, म्हणजे सहायक उपनिरीक्षक, होते, वीस-बावीस तास उभ्याने काढलेले. प्रत्येकाला तेच चार प्रश्न: नाव, पत्ता, शाळा, "पिताजी क्या करते हैं?" चष्मिसने वडिलांचं पद सांगितलं आणि न विचारता कॉलनीचं नाव जोडलं. कप्तानने नुसतं शाळेचं नाव सांगितलं, तेवढं पुरलं. ताशा म्हणाला, "नहीं हैं." बारक्याने आडनाव सांगितलं तेव्हा एएसआयनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं. पारधी, कंजर, सांसी या जमाती 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. 31 ऑगस्ट 1952 ला त्या 'विमुक्त' झाल्या. पण मान वर करायची सवय सत्तर वर्षांत गेली नाही.

माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त घोळतं ते एक वाक्य. चष्मिस म्हणाला, "सॉरी सर, गाडी परत ठेवणारच होतो." खाली बघून, दोन्ही हात मांड्यांवर. ताशाही तेच म्हणाला, "वापस ही रखने जा रहे थे." फक्त बघत होता समोर, आणि ओठ हलत होते. ताशाला घाबरला की हसू येतं. मी त्याला फळ्यापुढे उभं केलं की हेच व्हायचं, समीकरण सुटलं नाही की दात दिसायचे. "हँस रहा है?" एएसआय म्हणाले, आणि त्यानंतर त्या खोलीत ताशाची बाजू कुणी ऐकली नाही. मला उठून सांगता आलं असतं की साहेब, हा भ्यायलाय. मी उठले नाही.

चष्मिसचे वडील आले, सोबत कप्तानचे. दोघंही शांत, हात जोडून, आवाज खाली. दादागिरी कुणी केली नाही, नगरसेवकाचं नाव कुणी घेतलं नाही. (हे मुद्दाम लिहितेय. अशा गोष्टींत सगळ्यांना एक खलनायक हवा असतो.) बारावी आहे, जेईई आहे, मुलं बिघडलेली नाहीत, नुकसान भरून देतो. स्कूटरचा मालक आला होता, कापडाचं लहानसं दुकान असलेला माणूस. त्याला गाडी हवी होती आणि दिव्याचे पैसे. पैसे चष्मिसच्या वडिलांनी जागच्या जागी दिले, चौघांचे मिळून. मालक म्हणाला, मला काही लिहून द्यायचं नाही. पण तासाभरापूर्वी त्याने गाडी गेल्याचं थान्यात सांगितलं होतं आणि त्याची नोंद झाली होती. नोंद झाली की तिचा निकाल दाखवावा लागतो.

पाच वाजता चष्मिस आणि कप्तान समझाइश घेऊन घरी गेले. 'समझाइश', म्हणजे तोंडी समज, हा आमच्या मध्य प्रदेशातला खास शब्द. बातम्यांत तो रोज भेटतो: पोलिसांनी समझाइश दिली आणि सोडलं. ताशा आणि बारक्या बाकावरच राहिले, सकाळी त्यांचे कागद तयार झाले.

काही दिवसांनी मी त्याच एएसआयना भेटले, शांतपणे. ते म्हणाले, "मॅडम, चारों का लिखता तो चार घर से जवाब आता. दो का लिखा तो दो घर से माँ आई." मला त्या माणसाचा राग येत नाही. त्याने हिशोब केला होता, आणि हिशोब बरोबर होता.

कायदा काय म्हणतो

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेकांना वाटतं की गरीब मुलांवर 'कायदा लावला' आणि श्रीमंतांना 'कायद्याने सोडलं'. तसं नाही.

साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा, म्हणजे 2015 च्या बालन्याय कायद्याच्या भाषेत हा किरकोळ अपराध. 2016 च्या आदर्श नियमांतला आठवा नियम सांगतो की अशा प्रकरणात मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही. रोजनाम्यात नोंद करायची, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल लिहायचा, तो बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा आणि मुलाला कधी हजर करायचं ते पालकांना कळवायचं. मुलाच्याच भल्यासाठी गरज नसेल तर ताब्यातसुद्धा ठेवायचं नाही. मुलाशी वागणारा पोलीस गणवेशात नसावा, बेड्या नकोत, आणि ताब्यात घेतलंच तर चोवीस तासांत मंडळापुढे.

याचा अर्थ त्या पहाटे चौघांचीही नोंद व्हायला हवी होती आणि चौघंही घरी जायला हवे होते. झालं असं की दोघं नोंदीशिवाय घरी गेले आणि दोघं घरी न जाता नोंदीत गेले. नियम दोन्हीकडे अर्धा अर्धा पाळला गेला, आणि कुठला अर्धा कुणाच्या वाट्याला आला ते वर सांगितलंच.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक स्त्री. ताशा आणि बारक्याच्या मंडळाने काम नीट केलं. मुलांना खुर्ची दिली, आईशी बोलले, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) बस्तीत येऊन गेला, आणि शेवटी समज देऊन प्रकरण संपवलं. शिक्षा नाही, सुधारगृह नाही. कलम 24 प्रमाणे अशा निकालामुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता चिकटत नाही, कागदही ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायचे असतात. कलम 3 तर म्हणतं की मुलाबद्दल डाग लावणारे शब्दच वापरू नका. म्हणून आपल्याकडे 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा जिभेला न वळणारा शब्द तयार झाला. हेतू चांगला आहे. पण गल्लीत कुणी कुणाला विधिसंघर्षग्रस्त म्हणत नाही.

मंडळाबाहेर

दुसऱ्याच दिवशी एका हिंदी पेपरात तीन ओळी आल्या: वाहन चोर गिरोह के दो नाबालिग पकड़ाए. नावं नव्हती, पण बस्तीचं नाव होतं, आणि बस्तीत त्या रात्री कोण गेलं होतं ते सगळ्यांना ठाऊक. चार मुलांतली दोन वजा झाली आणि उरलेल्या दोघांचा 'गिरोह' झाला, ही वजाबाकी मला अजून कळलेली नाही.

शाळेने ताशाच्या आईला बोलावून 'तुम्हीच टीसी घ्या' म्हटलं. काढून टाकलं असं कुठेही लिहिलेलं नाही. टीसीवर आचरणाचा रकाना असतो, तिथे बहुतेकांचं 'उत्तम' असतं. ताशाच्या टीसीवर 'साधारण' आलं. तो कागद मी हातात धरून पाहिला. निळ्या शाईत, बाकी सगळं छापील, तेवढा एकच शब्द हाताने. साधारण हा काही वाईट शब्द नाही, कुणी तक्रार करायला गेलं तर हसतील. पण पुढच्या तीन शाळांच्या बाबूंनी तो रकाना वाचून कागद परत केला.

पथकाची बैठक झाली. कॉलनीच्या पालकांनी मुद्दा मांडला: आपली मुलं संगतीने वाहवत गेली. संगत म्हणजे कोण, हे सांगायची गरज पडली नाही. किल्ली कुणी पाहिली, चक्कर मारायचं कुणी काढलं, हे त्या बैठकीत दोन माणसांना नक्की माहीत होतं, त्यांतली एक मी. मी म्हटलं, "चौघांनाही एक वर्ष बंदी करा." कुणीतरी म्हणालं, "बाई, बारावी आहे हो." ताशा आणि बारक्या पथकातून गेले. ताशाच्या आईला दोन घरांनी 'सध्या नको' कळवलं. भांडण नाही, पैसे बाकी नाहीत. नुसतं सध्या नको.

मराठीत आपल्या पोरांसाठी केवढे शब्द आहेत. खोडकर, व्रात्य, द्वाड, अचपळ, उपद्व्यापी, आगाऊ. हे शब्द वयाबरोबर गळून जातात. पुढे लग्नात आत्या कौतुकाने सांगते, "लहानपणी फार व्रात्य होता हं." दुसऱ्यांच्या पोरांसाठी मवाली, टपोरी, उडाणटप्पू, भुरटा चोर. हे गळत नाहीत. चष्मिसने त्या रात्री उपद्व्याप केला होता, ताशा मात्र चोर होता. एक क्रियापद, एक नाम. चोर सोडून संन्याशाला सुळी असं आपण म्हणतो, पण इथे संन्यासी कुणीच नव्हता, चौघेही चोरच होते. म्हणून तर हे प्रकरण अभ्यासासारखं आहे.

हे नवीन नाही

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम चॅम्ब्लिस यांनी एका शाळेतल्या मुलांच्या दोन टोळक्यांवर दोन वर्षं नजर ठेवली आणि 1973 मध्ये ते प्रसिद्ध केलं. आठ मुलं चांगल्या घरची, त्यांना त्यांनी 'संत' म्हटलं. सहा खालच्या वर्गातली, ते 'रांगडे'. संत जवळजवळ रोज शाळा बुडवायचे, दारू पिऊन बेफाम गाड्या हाकायचे. रस्ता दुरुस्तीच्या खड्ड्यापुढचे अडथळे काढून ठेवायचे आणि कुणाची गाडी आत पडते ते बघत बसायचे. दोन वर्षांत एकालाही अधिकृतपणे अटक झाली नाही. रांगड्यांच्या मागे पोलीस सतत. गावाचं मत ठरलेलं: ही पोरं वाया जाणार, ती पोरं मोठी होणार. पुढे बहुतेकांच्या बाबतीत तसंच झालं. रांगड्यांतले दोघं मात्र फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर शिकून प्रशिक्षक झाले, कारण गावाने त्यांना वेळेवर दुसरं नाव दिलं.

त्यांनी सांगितलेल्या कारणांतलं एक मला इंदूरसाठी फार लागू वाटतं: दिसणं. संतांकडे गाड्या होत्या, त्यांचे धंदे गावाबाहेर चालायचे. रांगडे चौकात उभे. आमच्या कॉलनीतली मुलं बिअर प्यायला चोरलकडच्या फार्महाऊसवर जातात, शर्यत लावायला बायपासवर. बस्तीतल्या मुलाला दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, तो चौराह्यावरच उभा राहणार. त्याची सिगरेट सगळ्यांना दिसते. दुसरं कारण वागणं. 1964 मध्ये पिलियाविन आणि ब्रायर या अभ्यासकांनी पोलीस आणि किशोरवयीन मुलं यांच्या गाठीभेटी पाहिल्या, तेव्हाही हेच निघालं की किरकोळ प्रकरणांत मुलगा कसा उभा राहतो, नरमाईने बोलतो का, यावर पोलिसाचा निर्णय बराच ठरतो. 'सॉरी सर' म्हणायचं आणि खाली बघायचं, हे चष्मिसला घरीच शिकवलं होतं. ताशाला खाली बघायचं नाही असं शिकवलं होतं, मीच. फळ्यापुढे ताठ उभा राहा, समोर बघ.

सरकारी आकड्यांनाही हा चष्मा लावून पाहावं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2013 च्या अहवालात पकडलेल्या अल्पवयीन मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलं वर्षाला 25,000 रुपयांपर्यंत कमाई असलेल्या घरांतली दिसतात. लोक हे वाचून म्हणतात, गरिबीतून गुन्हेगारी येते. येतही असेल. पण हा आकडा पकडलेल्यांचा आहे, आणि आमच्या अ‍ॅक्टिव्हाने त्यात दोन घातले, चार नाही.

उलटा शिक्काही असतो. 2024 च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाने महागडी गाडी चालवून दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव घेतला. दोघंही आमच्या मध्य प्रदेशातले. मंडळाने जामीन देताना अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि देशभर संताप उसळला. संताप योग्य होता. पण त्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर 'अठराचा कायदाच काढून टाका' असे मेसेज फिरत होते, आणि मी विचार करत होते की तो काढला तर पहिला भरडला जाईल कोण. 2012 च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर 2015 चा कायदा कडक झाला, सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर घोर अपराधात प्रौढांसारखा खटला चालवायची वाट उघडली. त्या वाटेने जास्त कुणाची मुलं जातात, हे मी बस्तीत शिकवताना रोज बघते.

नंतर

बारक्याला आईने बऱ्हाणपूरला मामाकडे पाठवलं, पॉवरलूमवर. शाळा सुटली. ती त्या रात्रीमुळेच सुटली असं मी म्हणणार नाही. तो आधीपासून निम्मे दिवस यायचाच नाही, आणि पंधराव्या वर्षी त्या बस्तीतली बरीच मुलं कुठे ना कुठे कामाला लागतात. त्या रात्रीने फक्त तारीख ठरवली.

ताशाचं वेगळं झालं. अठरा पूर्ण झाले आणि पुढच्या गणपतीच्या आधी त्याला थान्यात बोलावलं, समझाइश द्यायला. या वेळी समझाइश त्याच्या वाट्याला आली होती, पण सणाआधी ज्यांची यादी काढतात त्या यादीतली. मंडळाचे कागद गेले असतील, हवालदाराची आठवण गेली नव्हती. त्यानंतर काही महिने तो बदलला. कुणी विचारलं तर स्वतःच सांगायचा, "अपना तो थाने में नाम है भिया." लहान पोरं वचकून असायची, ते त्याला आवडायला लागलं. एक हाणामारीही झाली. एडविन लेमर्ट या अभ्यासकाने 1951 मध्येच हे वेगळं काढून दाखवलं होतं: पहिली चूक वेगळी, आणि लोकांनी दिलेलं नाव स्वतःचं मानून केलेली दुसरी चूक वेगळी. पुस्तकात वाचलेलं हे वाक्य समोर चालताना बघणं फार वाईट असतं. मी त्याला रागावले तर म्हणाला, "बाई, तुम्हीही आधी मलाच विचारलं होतं ना."

म्हणजे तोही विसरला नव्हता.

चष्मिस पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. कप्तान इथेच, बीबीए करतो, कार नीट चालवतो. गेल्या गणपतीत आरतीनंतर जेवणं चालली होती आणि चष्मिसने ती गोष्ट रंगवून सांगितली: चौघे एका अ‍ॅक्टिव्हावर, पेट्रोल संपलं, पोलीस मामा, बाबांचा चेहरा. छान सांगतो तो. सगळे हसले. मीही हसले, मोदक हातात होता. गोष्टीत ताशाचं नाव आलं नाही, 'पथकातले दोन जण' एवढंच.

ताशा आता एका गॅरेजवर आहे. ओपन स्कूलचा फॉर्म मी भरून घेतलाय, तिथे आचरणाचा रकाना कुणी पाहिला नाही. हाणामाऱ्या बंद झाल्यात, निदान माझ्या कानावर येत नाहीत. परवा त्याने सांगितलं, तो कापडवाला गाडी घेऊन आला होता. तीच अ‍ॅक्टिव्हा, मागचा दिवा बदललेला, बाकीच्या रंगाशी न जुळणारा. त्याने ताशाला ओळखलं नाही. ब्रेक वाजतोय म्हणाला आणि किल्ली पुढे केली, "ज़रा टेस्ट मार के ला."

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं पाय दुखतोय. दुसऱ्या पोराला पाठवलं."

मी काही बोलले नाही. तो हसत होता, ताशाला घाबरला की हसू येतं.